मनसुबा आणि काठिण्यपातळी : बुद्धिबळातील कोड्यांच्या श्रेणीकरणाचा इतिहास

१

मराठीत 'मनसुबा' हा शब्द आज बेत, संकल्प, मनाशी केलेली योजना या अर्थाने रूढ आहे. त्याचे मूळ अरबी आहे. उभे करणे, मांडणे या अर्थाच्या धातूपासून तो साधलेला असून, अरबी बुद्धिबळ-वाङ्मयात 'मन्सूबा' म्हणजे पटावर मुद्दाम मांडून दाखविलेली स्थिती होय. अशी स्थिती पुढे ठेवून 'अमुक बाजूने खेळून डाव जिंकावा' असा प्रश्न सोडविणाराला विचारला जाई. पटावरची मांडणी आणि मनातली मांडणी हे दोन्ही अर्थ घेऊन हा शब्द फारसी व उर्दू यांच्या द्वारे दख्खनेत आला. मराठीने त्यांपैकी दुसरा अर्थ ठेवला व पहिला सोडून दिला. शह, काटशह, मात, प्यादेमात हे शब्द व्यवहारात वापरताना बोलणाऱ्याला पटाची आठवण राहते; मनसुबा म्हणताना ती राहत नाही.

नांदेड जिल्ह्यातील उमरी हे मुदखेड-धर्माबाद लोहमार्गावरील तालुक्याचे ठिकाण या शब्दाच्या वाटेवरच वसलेले आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, घरची मराठी आणि पूर्वेस लागूनच तेलुगू, अशा त्रिभाषिक सीमेवर बुद्धिबळाचे वजीर, प्यादे हे फारसी वळणाचे आणि हत्ती, घोडा, उंट हे देशी शब्द एकाच पटावर नांदत आले. आज त्याच उमरीतील एखादा विद्यार्थी मोबाइलवर बुद्धिबळाचे कोडे उघडतो, तेव्हा त्याच्यासमोर येणारी वस्तू तत्त्वतः मन्सूबाच असते. फरक एवढाच की, कोडे किती सोपे वा किती कठीण असावे, हे ठरविण्याचा पर्याय काही संकेतस्थळांनी त्याच्याच हाती दिला आहे.

ही सोय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु तिच्या पोटी एक जुना प्रश्न आहे : शिकणाराची पायरी कोणी ठरवावी? ग्रंथकाराने, गुरूने, आकड्याने, की शिकणाराने स्वतः? बुद्धिबळातील कोड्यांचा इतिहास या दृष्टीने तपासला असता असे दिसते की, श्रेणी लावण्याची कल्पना अतिप्राचीन आहे. बदलत गेले आहे ते श्रेणी लावणाराचे स्थान. प्रस्तुत निबंधात या स्थानांतराचा मागोवा घेतला आहे.

२

भारतीय शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन व संबंध यांबरोबर 'अधिकारी' सांगण्याचा प्रघात होता. हा ग्रंथ कोणासाठी आहे, तो वाचण्यापूर्वी वाचकाची कोणती तयारी झालेली असावी, हे ग्रंथकारच सांगून ठेवी. म्हणजे अधिकारनिर्णय हा ग्रंथकाराचा हक्क होता. ही दृष्टी क्रीडाविषयक लेखनातही दिसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे घोड्याच्या चालीचे कोडे. एकाही घरात दुसऱ्यांदा न जाता घोड्याने पटावरील सर्व घरे फिरून यावीत, असे त्याचे स्वरूप आहे. नवव्या शतकातील काश्मीरी आलंकारिक रुद्रट याने 'काव्यालंकारा'त ते चित्रकाव्याच्या रूपाने मांडले. त्याने पूर्ण पट न घेता ३२ घरांचा अर्धा पट घेतला. श्लोकाची अक्षरे घरांत क्रमाने लिहिली आणि मग घोड्याच्या चालीने वाचली, तरी तोच श्लोक पुन्हा मिळतो, अशी ही रचना आहे. सामान्य वाचकाला तो सरळ श्लोक म्हणून वाचता येतो. खेळ जाणणाराला त्यात दुसरी वाट दिसते. एकाच मजकुरात दोन पायऱ्या ठेवण्याची ही युक्ती असून, आपण कोणत्या पायरीवर थांबावयाचे हे काही अंशी वाचकावर सोपविले आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

हेच कोडे पुढे ६४ घरांच्या पूर्ण पटावर आलेले दिसते, आणि येथे मराठवाड्याच्या निकटच्या भूमीचा संबंध येतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सुमारे ११२९-३१ या काळात, 'मानसोल्लास' रचला. कल्याणी म्हणजे कर्नाटकातील आजचे बसवकल्याण. ते बिदर जिल्ह्यात, लातूर व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेपासून जवळच आहे. शंभर अध्यायांच्या या ग्रंथाची पाचवी विंशती क्रीडांना वाहिलेली असून तीत बुद्धिबळाचे प्रकरण आहे. त्यात घोड्याच्या फेरीसाठी घरांना व्यंजन व स्वर यांच्या जोडणीने नावे दिली आहेत. एका दिशेच्या ओळींना व्यंजने, दुसऱ्या दिशेच्या ओळींना स्वर. दोहोंच्या संयोगाने प्रत्येक घराला एक अक्षर. भाषाभ्यासकाला ही पद्धती विशेष उद्बोधक वाटेल. बाराखडी ज्याला अवगत आहे त्याला ६४ घरांची नावे वेगळी पाठ करावी लागत नाहीत. कोडे सोपे न करता त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट सोपी करणे, हा काठिण्याच्या व्यवस्थेचा एक स्वतंत्र प्रकार आहे. या ग्रंथाची आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी संपादिली. तिचे तीन खंड १९२५ ते १९६१ या दरम्यान प्रसिद्ध झाले.

सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने 'भगवंतभास्करा'तील 'नीतिमयूखा'त पुन्हा बुद्धिबळाचे नियम व घोड्याची फेरी दिली. नीलकंठ काशीचा असला, तरी त्याचे भट्ट घराणे मूळचे गोदातटीच्या पैठणचे. धर्मशास्त्राच्या ग्रंथात या क्रीडेला स्थान मिळावे, यावरून राजनीतीच्या शिक्षणात तिचे महत्त्व किती मानले जात असे, ते कळते. मात्र या सर्व ठिकाणी कोडे एकच आहे आणि त्याचे उत्तरही सोबत दिलेले आहे. सोडविणाराच्या कुवतीप्रमाणे कोड्यांची निवड करण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही. तो उद्भवण्यास कोड्यांचा मोठा संग्रह असावा लागतो. आणि असे संग्रह प्रथम अरबी भाषेत झाले.

३

नवव्या शतकात बगदादच्या दरबारी अल्-अद्ली हा नामांकित खेळाडू होऊन गेला. त्याचा बुद्धिबळावरील मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही; परंतु त्यातील पुष्कळसे मन्सूबे व विचार उत्तरकालीन हस्तलिखितांत टिकून राहिले. एच. जे. आर. मरे यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या बुद्धिबळाच्या बृहद् इतिहासात या परंपरेचा तपशील आला आहे. अल्-अद्लीच्या वर्गीकरणात खेळाडूंचे पाच वर्ग आहेत. वरच्या वर्गाचा खेळाडू खालच्या वर्गाशी खेळताना आपले एखादे प्यादे अथवा मोहरे आरंभीच पटावरून काढून ठेवी. अंतर जितके अधिक, तितके काढून ठेवावयाचे मोहरे मोठे. महाराष्ट्रातही वजीर किंवा हत्ती काढून नवख्याशी खेळण्याची रीत घरोघरी चालत आलेली आहे. पोराशी खेळणारा आजोबा जेव्हा आपला वजीर डबीत ठेवतो, तेव्हा तो या प्राचीन वर्गीकरणाचाच व्यवहार करीत असतो.

तथापि येथे श्रेणी लागते ती माणसाला, कोड्याला नव्हे. मन्सूब्यांच्या संग्रहात सोपे व अवघड शेजारी शेजारी असत. अवघडपणाची खूण क्वचितच मिळे. आणि मिळे तेव्हा ती आव्हानाच्या स्वरूपाची असे. दहाव्या शतकातील अस्-सूली याने एका मन्सूब्याविषयी असा अभिप्राय नोंदविला की, ज्याला आपण स्वतः शिकविले त्याच्यावाचून तो कोणालाही सुटणार नाही. सुमारे हजार वर्षे तो तसाच राहिला. सोव्हिएत ग्रँडमास्टर युरी आवेरबाख यांनी १९८० च्या दशकात त्याची उकल मांडली. गुरूच्या मुखातून आलेली काठिण्याची ही नोंद म्हणजे अधिकारनिर्णयाचे टोक होय. येथे पायरी ठरविणारा गुरू असून पायरी चढण्याचा मार्गही त्याच्याच घरातून जातो.

याच्या उलट टोकाला दिलारामच्या मन्सूब्याची आख्यायिका आहे. पत्नीला पणाला लावून बसलेला पती हरण्याच्या बेतात असता, पडद्याआडून डाव पाहणारी दिलाराम त्याला सुचविते की, दोन्ही हत्ती द्या पण मला देऊ नका. ही कथा नुसती मनोरंजनासाठी जोडलेली नाही. ती सोडविणाराला उत्तराची अर्धी वाट दाखविते : हत्ती गमवावयाचे आहेत, हे कळल्यावर उरते ते फक्त कसे एवढेच. कथा ऐकून कोडे सोडविणारा आणि कथा न ऐकता सोडविणारा यांच्यासमोर स्थिती एकच असते, पण काठिण्य एक नसते. काठिण्य हा केवळ स्थितीचा गुण नसून सोडविणाराला आधी काय सांगितले आहे यावरही ते अवलंबून असते, हा सिद्धान्त या आख्यायिकेत गर्भित आहे. पुढील विवेचनात त्याची पुन्हा गरज पडेल.

४

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर कोड्यांच्या संग्रहाचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण पेशवाईच्या अखेरचे आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री हे दाक्षिणात्य पंडित दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने राहिले व त्यांनी 'विलासमणिमंजरी' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यावरून सिद्ध केलेले इंग्रजी पुस्तक १८१४ साली मुंबईत छापले गेले. पेशवाई संपण्यास त्या वेळी चार वर्षे अवकाश होता. मूळ देशी नियमांऐवजी युरोपीय पद्धतीला जुळेल अशी मांडणी त्यात केली होती, आणि शिकणाराची प्रगती व स्मरणशक्तीचा व्यायाम हा हेतू मुखपृष्ठावरच सांगितला होता. एस. आर. अय्यर यांनी भारतीय बुद्धिबळावरील आपल्या १९८२ च्या ग्रंथात 'विलासमणिमंजरी'चा समावेश केल्याने ती अभ्यासकांना सुलभ झाली.

अशा संग्रहांत काठिण्य दर्शविण्याची जी रीत स्थिरावली ती चालींच्या संख्येची : इतक्या चालींत मात करावी. भारतीय परंपरेत तिला आणखी एक जोड होती. केवळ मात करण्यापेक्षा प्याद्याने मात करणे अधिक गौरवाचे समजले जाई. मराठीतील 'प्यादेमात' या शब्दाला जो मानहानीचा रंग आहे, तो तेथूनच आलेला असावा. ज्या स्थितीत वजिराने सहज मात होते त्याच स्थितीत प्याद्याने करावयाची म्हटली की काम कितीतरी अवघड होऊन बसते. बलवान खेळाडू असा निर्बंध आपणहून स्वीकारी. म्हणजे आपल्यासाठी काठिण्य निवडण्याची प्रथा या भूमीत संगणकाच्या पुष्कळ आधी होती. मात्र ती वर चढण्यापुरती होती. अधिक कठीण निवडणे भूषणाचे होते. अधिक सोपे मागणे मात्र लाजेचे. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

चालींची संख्या हे काठिण्याचे माप म्हणून कितपत विश्वसनीय आहे? छापील पुस्तकांची सोय म्हणून ते टिकले, यात संशय नाही. हंगेरीचे लास्लो पोल्गार यांच्या १९९४ सालच्या सुप्रसिद्ध संग्रहात ५३३४ स्थिती आहेत. त्यांत एका चालीत मात ३०६, दोन चालींत ३४१२ आणि तीन चालींत ७४४ अशी विभागणी आहे. शिकणारा पहिल्या पानापासून निघाला की आपोआप चढणीला लागतो. परंतु प्रत्यक्षात लागोपाठ शह देत जाणारी पाच चालींची मात नवख्यालाही सापडते, कारण प्रत्येक शहाला प्रतिपक्षाजवळ एकच उत्तर असते. उलट, पहिली चाल शह नसलेली, निरुपद्रवी वाटणारी असली, तर दोन चालींची मातही मुरब्बी खेळाडूला घाम फोडते. अमेरिकेच्या सॅम लॉइड (१८४१-१९११) यांची कीर्ती अशाच फसव्या पहिल्या चालींवर उभी आहे. तात्पर्य, चालींची संख्या उत्तराची लांबी सांगते, खोली सांगत नाही. शिवाय 'दोन चालींत मात' असे म्हणताच दिलारामच्या कथेप्रमाणे अर्धी सूचना देऊन झालेली असते. प्रत्यक्ष डावात असे सांगणारा कोणी नसतो.

५

या अडचणीतून वाट निघाली ती कोड्यांच्या अभ्यासातून नव्हे, तर खेळाडूंच्या मानांकनातून. जन्माने हंगेरियन असलेले अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांची मानांकनपद्धती अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० साली व जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० साली स्वीकारली. तिचे मर्म थोडक्यात असे : दोन खेळाडूंच्या मानांकनांतील अंतरावरून निकालाचा अंदाज बांधता येतो, आणि प्रत्यक्ष निकाल अंदाजापेक्षा वेगळा लागला तर दोघांचेही आकडे त्या प्रमाणात सरकवावयाचे. १९९५ साली मार्क ग्लिकमन यांनी यात एक सुधारणा केली. त्यांच्या 'ग्लिको' पद्धतीत आकड्याबरोबर त्या आकड्याची अनिश्चितताही नोंदली जाते. फार दिवस न खेळलेल्याचा आकडा कमी भरवशाचा मानून त्यात मोठे बदल होऊ दिले जातात.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोड्यांच्या संकेतस्थळांनी या सूत्राचा एक अनपेक्षित उपयोग केला. त्यांनी कोड्यालाच खेळाडू मानले. विद्यार्थ्याने कोडे सोडविले की विद्यार्थी जिंकला, कोडे हरले. चूक केली की कोडे जिंकले. प्रत्येक प्रयत्नागणिक दोघांचे मानांकन बदलते. हजारो लोकांनी प्रयत्न केल्यानंतर कोड्याच्या नावे जो आकडा स्थिर होतो, तो कोणा रचनाकाराचे मत नसून चुकलेल्यांच्या व जिंकलेल्यांच्या पाऊलखुणांचा संचय असतो. अस्-सूलीचा अभिप्राय आणि हा आकडा यांत हाच मूलभूत फरक आहे. काठिण्य सांगण्याचा अधिकार गुरूकडून समुदायाकडे गेला, आणि तोही समुदायाच्या नकळत.

फ्रेंच संगणकतज्ज्ञ थिबो डुप्लेसी यांनी २०१० साली सुरू केलेल्या लिचेस या विनामूल्य संकेतस्थळावर ही व्यवस्था विस्ताराने पाहावयास मिळते. त्याची भाषा मराठीही ठेवता येते. डिसेंबर २०२० मध्ये तेथे कोड्यांचा नवा संग्रह आला. ही कोडी रचलेली नाहीत. लोकांनी तेथे खेळलेल्या डावांतून संगणकाने ती वेचून काढली आहेत. आज त्यांची संख्या ५० लाखांच्या वर आहे. मन्सूबा म्हणजे मांडलेली स्थिती. येथे स्थिती कोणी मांडलेली नाही, ती घडलेली आहे. इतक्या कोड्यांना माणसाने पाहून श्रेणी लावणे अशक्यच होते. आकड्याचे राज्य अपरिहार्य झाले.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. शिकणाराचे आणि कोड्याचे अशी दोन्ही मानांकने हाती असताना यंत्राने स्वाभाविकपणे काय करावे? दोन्ही आकडे जवळपास असतील असे कोडे द्यावे. अशा वेळी सूत्राप्रमाणे यशाची शक्यता शंभरांत पन्नास असते. मापनाच्या दृष्टीने ही उत्तम निवड आहे. कारण निकाल जितका अनिश्चित, तितकी त्यातून अधिक माहिती मिळते. परंतु मापनाला जे उत्तम ते शिक्षणालाही उत्तम असेलच असे नाही, आणि दोहोंची गल्लत या क्षेत्रात पदोपदी होते.

लिचेसवर काठिण्याच्या पाच पायऱ्या निवडता येतात. मधली पायरी स्वतःच्या मानांकनाच्या आसपासची. तिच्या खाली ३०० व ६०० गुणांनी सोप्या अशा दोन आणि वर तितक्याच अंतराने कठीण अशा दोन. एलो-सूत्राने हिशेब केला असता, ३०० गुणांनी सोप्या कोड्यांत शंभरांतील सुमारे ८५ सुटावीत, ६०० गुणांनी सोप्यांत ९७. वरच्या बाजूस हेच प्रमाण अनुक्रमे १५ व ३ असे उलटते. हे आकडे सूत्राचे आहेत. प्रत्यक्षात माणसागणिक त्यांत फरक पडेल. तथापि त्यांवरून पायऱ्यांमधील अंतर केवढे आहे याची कल्पना येते. खालून पहिल्या पायरीवर शिकणारा जवळजवळ चुकतच नाही. सर्वांत वरच्या पायरीवर तो जवळजवळ जिंकतच नाही.

या निवडीवर सामान्यतः असा आक्षेप घेतला जातो की, सोपे निवडून आकडा फुगविता येईल. सूत्राने त्याची तरतूद केलेली आहे. समबल कोडे सुटल्यास १० गुण मिळतात असे उदाहरणादाखल धरले, तर ६०० गुणांनी सोपे कोडे सुटल्यास एक गुणही पुरता मिळत नाही. चुकले तर १९ हून अधिक जातात. लबाडीला वाव थोडा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जो नेहमी सोपेच निवडील तो वाढणार कसा? पण त्याला तितकेच गंभीर उत्तर आहे. ओळखीच्या रचना झटकन दिसू लागणे हा बुद्धिबळातील कौशल्याचा मोठा भाग असून, तो सोप्या कोड्यांच्या आवृत्तीनेच दृढ होतो. पाढे पाठ असलेल्या मुलाला पाढे म्हणावयास लावणारा शिक्षक त्याचा वेळ फुकट घालवीत नसतो. तसेच, वरच्या पायरीवर शंभरांत तीन सोडविणारा विचार करतो की नुसता तर्काने तीर मारतो, हे आकडा सांगू शकत नाही.

उमरीच्या विद्यार्थ्याचा विचार येथेच करावयास हवा. महाराष्ट्रातील बुद्धिबळाचा ज्ञात इतिहास बहुतांशी शहरांचा आहे. १९५५ साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे संयुक्त विजेतेपद मिळविणारे रामचंद्र सप्रे मुंबईचे. भाऊसाहेब पडसलगीकरांचे नूतन बुद्धिबळ मंडळ सांगलीचे. ग्रँडमास्टर विदित गुजराथी नाशिकचे. २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झालेली दिव्या देशमुख नागपूरची. जेथे मंडळ असते तेथे जाणता खेळाडू असतो, आणि तो नवख्याकडे एकदा पाहून 'आज हे तीन सोडव, बाकीचे राहू दे' असे म्हणतो. या एका वाक्यात श्रेणीकरणाचे सारे शास्त्र सामावलेले आहे. काल मुलगा आजारी होता, आज तो चिडलेला आहे, उद्या त्याची स्पर्धा आहे, हे त्याला ठाऊक असते, आकड्याला नसते.

ज्याच्याजवळ असा जाणता नाही त्याला यंत्र मापनाच्या न्यायाने निम्मी कोडी चुकवावयास लावते. शाळेत शंभरांपैकी पन्नास गुण म्हणजे काय, याची त्याची समजूत परीक्षेच्या गुणपत्रकातून आलेली असते. रोज निम्मे चुकणे ही यंत्राची योजना आहे, आपली उणीव नव्हे, हे त्याला कोणी सांगत नाही. मानांकन वाढले तरी चुकण्याचे प्रमाण तेच राहते, कारण कोडीही तितकीच कठीण होत जातात. प्रगती होत असूनही ती अनुभवास येत नाही. अशा स्थितीत पुष्कळ मुले खेळ सोडून देतात असे म्हणण्यास आकडेवारीचा आधार हवा. पण कोणताही शहाणा शिक्षक नवख्याला अशी प्रश्नपत्रिका रोज देणार नाही, एवढे म्हणण्यास अंकलिपीचा आधार पुरेसा आहे. काठिण्याची निवड या ठिकाणी चैनीची बाब राहत नाही. ती गैरहजर शिक्षकाची जागा अंशतः भरून काढते. आज ८५ सुटतील असे मागून हात बसवावा, उद्या १५ सुटतील असे मागून डोके चालवावे, हे ठरविण्याची मुभा म्हणजे आपल्याच अध्यापनाचा लहानसा अधिकार होय.

अर्थात अधिकार मिळाला म्हणजे तो वापरता येतोच असे नाही. येथे प्यादेमातीच्या प्रथेतील भेद पुन्हा आडवा येतो. कठीण निवडणे भूषणाचे व सोपे मागणे लाजेचे, हा संस्कार यंत्रासमोर एकट्या बसलेल्या मुलाच्याही मनात असतो. त्याखेरीज निवडीचे दोन प्रकार नीट वेगळे ओळखावे लागतात. पायरी निवडणे हा एक प्रकार. विषय निवडणे हा दुसरा. 'दोन चालींत मात' किंवा 'घोड्याचा दुहेरी मारा' हा विषय निवडून कोडी मागितली, की कोड्याचे मानांकन तेच राहूनही ते सोपे होते. कारण दिलारामने पडद्याआडून सांगितलेले असते. विषयवार सरावात मिळालेले यश पायरीच्या यशात मिसळले, तर शिकणाराची स्वतःविषयीची समजूत चुकीची होते. आणि कोडे म्हटले की उत्तर आहेच, ही सूचना तर कुठल्याच पायरीवर टळत नाही. याच कारणाने कोड्यांतील मानांकन व डावांतील मानांकन ही दोन भिन्न मापे आहेत. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, काठिण्याच्या श्रेणीकरणात चार अवस्था स्पष्ट दिसतात. प्रथम ग्रंथकाराने अधिकारी सांगितला. नंतर गुरूने व दरबाराने खेळाडूंचे वर्ग पाडले. छापील संग्रहांनी चालींच्या संख्येने कोड्यांना ओळीत बसविले. मानांकनाने माणूस आणि कोडे यांना एकाच मापपट्टीवर आणले. शिकणाराला पायरी निवडू देणे ही पाचवी अवस्था आधीच्या चौथीची दुरुस्ती आहे, तिचा निषेध नव्हे. आकडा नसता तर निवडीला अर्थ राहिला नसता. निवड नसती तर आकडा हा मोजणाराच्या सोयीचाच राहिला असता.

ही दुरुस्ती पूर्ण व्हावयाची असेल तर शिकणारासमोर तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या पाहिजेत : त्याचे स्वतःचे माप, कोड्याचे माप, आणि आजची त्याची निवड. तिन्हींचा एकच आकडा केला की निवड पुन्हा परीक्षा होऊन बसते. आणि निम्मे चुकणे हे मापनाचे तंत्र आहे, हे साध्या मराठीत त्याला सांगितले गेले पाहिजे. हे सांगण्यास मोठे शास्त्र लागत नाही. पण ते सांगणारा जाणता उमरीसारख्या ठिकाणी जवळ नसेल, तर तेवढे एक वाक्य पटाशेजारी लिहिलेले असावे.

मन्सूबा शब्दाचे दोन अर्थ मराठीत येता येता विलग झाले होते : पटावर दुसऱ्याने मांडून ठेवलेली स्थिती, आणि आपण मनाशी योजलेला बेत. दुसऱ्याने मांडलेल्या कोड्यांतून आज कोणते घ्यावयाचे हे शिकणारा जेव्हा विचारपूर्वक ठरवितो, तेव्हा ते दोन्ही अर्थ पुन्हा एका पटावर येतात.